पाझर निरंक

आईशप्पथ, सगळं खरंय. म्हणजे आई कोणाची ते विचारू नका, आणि एक-दोन वाक्यं माझी आहेत. विहिरींची पातळी मोजायच्या कंत्राटी नोकरीत किस्से गाळासारखे साचतात. दरवर्षी थोडे थोडे, आणि काढत कोणी नाही!

माझ्याकडे नांदगावकडची गावं. तिथे एका पाझर तलावाच्या भिंतीखाली नानांची विहीर. तलाव बांधला तो पाणी जमिनीत मुरून खालच्या विहिरींना यावं म्हणून. आता तळ गाळाने असा बसलाय, की जणू सारवलाय. वर तलाव भरलेला, खाली विहीर कोरडी. मी टेप सोडला, तर त्याच्या टोकाचं वजन दगडावर टण्णकन वाजलं.

नाना म्हणाले, "दमानं सोड. खाली आमचा शेवटचा बेडूक हाय."

*

आमचे साहेब तलावाच्या पाहणीला आले. भिंतीखालची जमीन बुटाने दाबून बघितली, शेरा मारला: 'गळती निरंक. काम उत्कृष्ट.'

"साहेब, तलावाचं नाव काय हाय?" नानांनी विचारलं.

"पाझर तलाव."

"मंग ठीक हाय."

*

मग गाळ काढला. मशीन आलं, फीत कापली, फोटो झाले. गाळ टाकला वरच्याच उतारावर. एका जोराच्या पावसात सगळा परत तलावात! नाना म्हणाले, गाळ चार दिवस माहेरपणाला गेला होता.

*

उन्हाळ्यात टँकर मंजूर झाला. तो भरायचा त्याच तलावातून, भिंतीला वळसा घालायचा आणि नानांच्या विहिरीत रिकामा व्हायचा. सगळी वस्ती तिथून शेंदायची. मी ड्रायव्हरला म्हटलं, आता तूच आमचा पाझर.

*

शेवटचा माझाच. एकदा टँकर ओतून गेल्या गेल्या मुद्दाम टेप सोडला. पातळी आली. ती तक्त्यात भरली आणि गंमत म्हणून शेऱ्यात लिहिलं, 'पाझर सुरू.' वाटलं, साहेब शिव्या घालतील, मग हसतील.

साहेबांनी सही केली. वरच्यांनीही केली. विहिरीला पाणी आलं म्हणून टँकर बंद!

मी धावत जाऊन सांगितलं, एंट्री रद्द करा.

साहेब म्हणाले, "मोजमाप चुकलं होतं का?"

चुकलं नव्हतं.

पुढच्या फेरीला गेलो. वजन टण्णकन वाजलं. नाना उठून घराकडे वळले. आत गेले, पाण्याचा तांब्या आणला, माझ्यापुढे धरला.

"घे. पाझर सुरू हाय ना."

*

चला, किस्से फुकट नसतात. बॅगेतल्या पाण्याच्या बाटल्या काढा. बाइकला नानांचा कॅन बांधलाय, त्यात ओता.