सोफ्यावर बसलेला वूफर

मामांच्या होम थिएटरचा वूफर, म्हणजे खर्जाचा डबा, कोपऱ्यात ठेवला तो मी. कोपरा रिकामा होता, वायर तिथवर पुरत होती आणि डबा शोभूनही दिसत होता. वर 'खर्ज कोपऱ्यातूनच उठतो' असं मी ठोकून दिलं. पहिल्याच सिनेमात विमान उडालं. सोफ्यावरच्या मामांना ते लांबून जाणाऱ्या स्कूटरएवढं वाटलं, म्हणून त्यांनी आवाज वाढवला. तरी समाधान होईना, म्हणून आणखी वाढवला. स्वयंपाकघरात मांडणीवरचे पेले एकमेकांच्या भेटीला निघाले आणि खालच्या मजल्यावरचे घड्याळजी दारात उभे राहिले. ते घरीच घड्याळं दुरुस्त करतात.

"माझे स्क्रू चालायला लागलेत," ते म्हणाले. "ताटलीतून."

ते गेल्यावर मामींनी निकाल दिला. "हे गृहस्थ पुन्हा तक्रार घेऊन वर आले, तर हा डबा भंगारात जाईल."

मामांनी सगळी नोकरी रस्त्याचा रोलर चालवण्यात काढली. पुढे जायचं, मागे यायचं, खडी बसेपर्यंत. पायी जाणारी माणसं त्यांना मागे टाकून जायची आणि मामांना त्याचं काही वाटायचं नाही. अजूनही ते कोपऱ्यावरच्या दुकानात निघाले, की मामी आपली वेगळी पिशवी घेऊन जातात आणि त्यांच्या आधी परत येतात. इंजिनाने त्यांच्या कानांतले बारीक आवाज नेले. शिटी, डासाची गुणगुण आणि मामींच्या सूचना त्यांना ऐकू येत नाहीत. तिसरी गोष्टही कानांमुळेच, असं मामा सांगतात. सिनेमातले निम्मे संवाद त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत, पण खर्ज आला की पडद्यावर काय चाललंय ते बरोबर कळतं. मुलगी सासरी गेल्यावर रिकाम्या झालेल्या खोलीत त्यांनी हौसेने होम थिएटर केलं. डबा गेला तर त्यांच्यापुरता सिनेमा मुका होणार होता.

मी मोबाईलवर उपाय वाचून आलो. वूफर माणसाच्या जागेवर ठेवायचा आणि माणसाने खोलीभर रांगायचं. जिथे खर्ज भरीव आणि सारखा ऐकू येईल, ती वूफरची जागा.

"म्हणजे तो सोफ्यावर आणि मी जमिनीवर?" मामा म्हणाले.

"हो."

"जावई आला की हेच असतं आपलं," म्हणत मामा गुडघ्यांवर आले.

मी वूफरवर एक जाड, सपाट हुंकार चालू केला. मामा रोलरच्याच वेगाने निघाले. मागे यायचीही सवय असल्यामुळे प्रत्येक फरशी दोनदा झाली. खोलीच्या मधोमध ते थांबले. "हीच जागा. हातांना मुंग्या येतायत."

"मामा, कानांनी ऐका."

"अरे, खडी बसली की नाही ते मी बुडाखालच्या हादऱ्यावरून सांगायचो. मला शिकवू नकोस."

डबा तिथे नेला. सोफ्यावर खर्ज नावालाच आला, पण जमीन अशी थरथरली की मीही पाय वर घेतले. डबा मुकाट्याने परत सोफ्यावर बसवला. मामा दुसऱ्या फेरीला निघाले, तेवढ्यात उघड्या दारात घड्याळजी दिसले. कपाळावर भिंग, कपाळाला आठ्या.

सोफ्यावर पाहुण्यासारखा बसलेला डबा आणि त्याच्यासमोर चार पायांवर आलेले मामा, हे त्यांनी नीट पाहून घेतलं. मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"रोलरवाले, काय हरवलं?"

"जागा," मामा घाईने म्हणाले. मी त्यांची घाई तेव्हा पहिल्यांदा पाहिली. "या ना. खालीच या."

घड्याळजी आले. पडलेले भाग शोधत त्यांचा निम्मा दिवस जमिनीवरच जात असल्यामुळे त्यांना रांगण्याचा सराव होता. ते भिंतीकडेने सरकत गेले. "इथे ओढल्यासारखा येतोय. इथे तुटतोय." मग सोफ्याच्या हाताशेजारी, भिंतीला लागून ते थांबले. "इथे सारखा आहे."

मामांनी तिथे हात टेकले. "काहीच नाही."

"हात उचला. तुमचे हात लबाड आहेत."

मामांनी दोन्ही हात मांड्यांवर घेतले आणि डोळे मिटले.

"आला," ते म्हणाले.

घड्याळजींनी आपल्या कामाच्या टेबलावर अंथरलेलं जाड रबर आणून तिथे ठेवलेल्या डब्याखाली सरकवलं. आवाज निम्म्याहून खाली आणला तरी विमान व्यवस्थित उडालं. ते उडताना मामांनी मानसुद्धा वर केली. पेले जागच्या जागी होते. खाली जाऊन घड्याळजींनी जिन्यातून ओरडून कळवलं, "स्क्रू बसलेत!"

"ते पुन्हा वर आले होते," मामी म्हणाल्या.

"आले, पण तक्रार कुठे केली?"

"अहो, तोंड उघडायच्या आत रांगायला लावलंत त्यांना."

मामांनी हे ऐकू न येणाऱ्या बारीक आवाजांत धरलं.

मामींनी टीपॉयवरचा रिमोट उचलला. "डबा राहू दे. आवाज किती ठेवायचा ते मी ठरवणार." मामा लगेच कबूल झाले, म्हणजे ऐकू आलं होतं.

घड्याळजी आता टॉवेलची घडी घालून त्यावर काम करतात आणि टॉवेलच्या धाग्यांत स्क्रू शोधतात. जिन्यात भेटले की विचारतात, "माझं रबर?"

"उद्या," मामा म्हणतात.

नवं रबर आणायचं काम माझ्याकडे आहे. एक आणलं ते पातळ निघालं. दुसऱ्याचा वास मामींना चालला नाही. घड्याळजींचं अजून डब्याखालीच आहे.