आक्का आणि परत आणलेल्या टोप्या

आक्कांना दुसऱ्याच्या डोक्यावरची टोपी काढून आतून बघायची खोड होती. माणूस ओळखीचा असो की नसो. एकदा आमच्या युनिटमधल्या एका मुलीच्या लग्नात तिचे मामा पंगतीत जेवत होते. आक्का त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, "मामा, जरा बगू," म्हणाल्या आणि त्यांची पांढरी टोपी उचलून सरळ उलटी केली. शिवणीवरून अंगठा फिरवला, "टाका लांब घातलाय," असा निकाल दिला आणि टोपी परत डोक्यावर ठेवून दिली. मामा हातात जिलेबी धरून तसेच बसलेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आक्का मात्र निवांत. "बाहेरून समदेच बगतेत गं," त्या मला म्हणाल्या, "घालनाऱ्याला आतलं टोचतं."

लातूरच्या एमआयडीसीत एका डाळमिलला लागून आमचं टोप्यांचं युनिट होतं. डाळमिलचा पिवळसर भुसा वाऱ्याबरोबर खिडक्यांतून आत यायचा, म्हणून तयार टोप्यांवर सतत प्लास्टिक अंथरलेलं असायचं. मशिनींच्या दोन लायनी, त्यांवर बसणाऱ्या बायका आणि सगळा माल परदेशी जाणारा. उन्हाळी टोप्या, खेळाडूंच्या छज्ज्याच्या टोप्या आणि सगळ्यांत जास्त, लहान मुलांच्या थंडीच्या टोप्या. मी ऑफिसात बसायचे. खोक्यांवरची लेबलं, मालाचे कागद आणि ट्रक कुठवर पोहोचला याचे फोन, हे माझं काम. आक्का फायनल चेकिंगला होत्या. त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही टोपी खोक्यात पडत नसे. त्या निलंग्याकडच्या. तिकडे थोरल्या बहिणीला आक्का म्हणतात. इथे मालकसुद्धा त्यांना आक्काच म्हणायचे, आणि मालक त्यांच्याहून वयाने मोठे होते.

लहान मुलांच्या टोप्या आक्का स्वतःच्या गुडघ्यावर चढवून बघत. "हे झालं दोन वर्साच्या पोराचं डोस्कं," असं म्हणून गुडघा थोपटत. मग मला हाक मारून विचारत, "मास्तराच्या पोरी, ह्यो माल जायलाय त्या गावात बर्फ पडतो का गं?" माझे वडील शाळामास्तर, म्हणून मला सगळ्या जगाची माहिती असणार हे त्यांनी धरूनच चाललेलं. मी हो म्हटलं की त्यांना काळजी लागायची. "मंग कानपट्टी लांब पायजे. पोराचे कान उगडे राहतेत की." एकदा त्यांनी मालकांना तसं परदेशी गिऱ्हाइकाला कळवायलाच लावलं. पलीकडून उत्तर आलं, नमुन्याप्रमाणेच करा. आक्का दोन दिवस रुसल्या. न पाहिलेल्या, कधीही न दिसणार असलेल्या त्या पोरांवर त्यांचा असा जीव होता. आम्ही हसायचो.

त्या कडक होत्या, पण त्यांच्या कडकपणाला खिडकी होती. बाळंतपणानंतर कामावर परतलेल्या बायकांसाठी त्यांच्या पिशवीत खारीक-खोबऱ्याचे लाडू असत. "दूध आटंल, खा," म्हणून त्या मशिनीवरच लाडू हातात द्यायच्या. त्या वर्षी हे लाडू रेणुकाला मिळत होते. रेणुकाचा मुलगा जेमतेम काही महिन्यांचा. नवरा पुण्याला कामाला गेला तो नंतर फोनपुरताच उरला होता. पोर शेजारणीकडे ठेवून ती यायची. हात विलक्षण वेगवान, आणि त्या वेगापायी सुया मोडायच्या.

सुईचा नियम आमच्याकडे फार कडक होता. मशिनीत सुई मोडली की सगळे तुकडे शोधायचे, ते आक्कांसमोर जुळवून दाखवायचे, तेव्हा कुठे नवी सुई. एखादं टोक अस्तरात राहिलं आणि ते पोराच्या डोक्याला लागलं तर? म्हणून शेवटी सगळा माल एका तपासणीच्या यंत्राखालून जायचा. धातूचा कण असला की ते ओरडायचं. त्या वर्षी थंडीच्या टोप्यांच्या ऑर्डरच्या वेळी नेमकं ते मशीन बिघडलं. पुण्याचा मेकॅनिक आज येतो, उद्या येतो म्हणत आलाच नाही. माल वेळेत बंदरावर पोहोचवायचा होता. मालकांनी सांगितलं, हातात चुंबक घेऊन टोप्यांवरून फिरवा. आणि वर हेही सांगितलं, "ह्या गडबडीत कुणी सुईचा तुकडा हरवला तर तिनं उद्यापासून येऊ नये."

शेवटची खेप शिवताना रेणुकाची सुई मोडली.

हे सगळं मला नंतर आक्कांनीच सांगितलं. रेणुका तुकडे घेऊन आली. आक्कांनी ते तळहातावर जुळवले. टोक दुसऱ्याच सुईचं होतं. आधी कधीतरी मोडलेल्या, जाड सुईचं. आक्कांनी वर पाहिलं. रेणुकाचा चेहरा पांढरा पडलेला आणि पोराला पाजायची वेळ टळून गेल्यामुळे पोलकं ओलं झालेलं. आक्का म्हणाल्या, "जुळलं." आणि नवी सुई दिली.

रेणुका गेल्यावर त्यांनी एकटीने तिच्या मशिनीखाली, फटीत, झाडलोटीच्या चिंध्यांत ते टोक शोधलं. चुंबक दोनदा जास्त फिरवलं. सापडलं नाही. संध्याकाळी खोकी भरली, ट्रक गेला.

पुढे दोन-तीन दिवस आक्कांचा डबा तसाच परत जात होता. मला वाटलं, उपवास असतील. मग एका दुपारी त्या माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. "माल बोटीवर चढला का गं?"

"अजून नाही, आक्का. बंदराजवळच्या गोदामात आहे. परवा चढेल."

त्यांनी खुर्ची ओढली आणि मला सगळं सांगितलं. मी आजही विचार करते की 'चढला' असं म्हटलं असतं तर? कुणाला कळलं असतं? आक्का आयुष्यभर मनातल्या मनात कुढल्या असत्या, पण कुढल्या तर त्या नंतरही. मला माहीत नव्हतं त्या का विचारताहेत. मी खरं ते सांगितलं, आणि खरं सांगितल्याचीच टोचणी लागावी असं ते एकच उत्तर माझ्या आयुष्यात आहे.

मी त्यांच्याबरोबर मालकांच्या केबिनमध्ये गेले. मालक शेतकरी घरातले, जमिनीवर कर्ज काढून युनिट उभं केलेलं. माणूस वाईट नव्हता. आक्कांचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं.

"चुंबक फिरवलं होतं ना, आक्का?"

"हाव."

"मग झालं तर."

"न्हाई झालं, मालक. तुकडा जुळला न्हाई आन् म्या जुळला म्हनले."

"कुणाची सुई होती?"

"चेकिंग माझं हाय. जिम्मा माझा हाय. नाव पायजे आसंल तर माझं घ्या."

"आक्का, गोदामातनं माल परत आणायचा म्हणजे काय, कळतंय का तुम्हाला? बोट चुकली की गिऱ्हाईक गेलं."

"कळतंय," आक्का म्हणाल्या. त्या रडत होत्या, पण आवाज हलला नाही. "मालक, बारकी पोरं हायती. त्यास्नी बोलता बी येत न्हाई, की आई, मला टोचायलंय म्हनून."

मालकांनी डोकं दोन्ही हातांत धरलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "गोदामाला फोन लाव."

ट्रक परत आला. सगळ्या बायकांनी खोकी फोडली. आम्ही ऑफिसातली माणसंही जमिनीवर बसलो. एकेक टोपी उलटायची, अस्तर बोटांनी चाचपायचं, कानपट्ट्या दाबून बघायच्या. तोवर मेकॅनिकही आला. मशीन दुरुस्त झालं. सगळ्या टोप्या त्याखालून गेल्या. ते ओरडलं नाही. टोक टोप्यांत नव्हतंच. कुठल्या तरी चपलेच्या तळाला लागून, केराबरोबर, कुठेतरी निघून गेलं असेल.

शेवटची टोपी सुखरूप निघाली तेव्हा एका म्हातारीने "सुटलो बाई" म्हटलं. रेणुका तिच्या मशिनीवर मान खाली घालून बसली होती.

गिऱ्हाईक गेलं. त्या टोप्या नंतर इकडच्याच बाजारात पडेल त्या भावाने गेल्या. मालकांनी दुसरी लाईन बंद केली. त्या लायनीतल्या सगळ्या बायकांना घरी पाठवलं, त्यात रेणुकाही होती. आक्कांना मात्र ठेवलं. "अशी बाई मिळत नाही," मालक सगळ्यांसमोर म्हणाले. मी आक्कांकडे पाहिलं. कुणी तोंडात मारावी तसा त्यांचा चेहरा झाला होता.

त्यानंतर त्या जेवायला एकट्या बसू लागल्या. कुणी त्यांना टाकलं नव्हतं. त्याच उठून जायच्या. रिकाम्या मशिनींवर कापड झाकलेलं होतं, तिकडे त्या पाठ करून बसत. एका रविवारी मला म्हणाल्या, "माझ्यासंगं चलतीस का? येकटीला पाय उचलंना."

रेणुका काम सुटल्यावर माहेरी गेली होती, किल्लारीच्या पुढे. भूकंपानंतर नव्याने वसवलेलं गाव, एकसारख्या घरांच्या रांगा. आम्ही एसटीने उतरून विचारत विचारत गेलो. रेणुका दारात तांदूळ निवडत होती. आत या म्हणाली नाही. पोर तिच्या मांडीला धरून उभं राहायचा प्रयत्न करत होतं.

आक्कांनी लाडवांची पिशवी उंबऱ्यावर ठेवली. "रेणुका, माझ्यापायी तुझं काम गेलं."

रेणुका सूप हलवत राहिली. मग म्हणाली, "तुमाला कळलं होतं ना तवाच? म्या तुमच्या डोळ्यात बगितलं."

"हाव."

"तवा गप बसलात ते माझ्यासाटी. मग बोललात ते कुनासाटी?"

"त्या पोरांसाटी, बाई. कुना पोराच्या डोस्क्यात..."

"कोनची पोरं?" तिने सूप खाली ठेवलं आणि मुलाला उचलून आक्कांच्या समोर धरलं. "कदी बगितली ती तुमी? नाव ठावं हाय का एकाचं तरी? ह्ये बगा, ह्याचं नाव ठावं हाय तुमाला. ह्याला लाडू चारले तुमी माझ्या दुधातनं."

मुलाने आक्कांच्या नाकातली चमकी पकडायला हात पुढे केला. आक्कांनी त्याला घेतलं नाही. हात उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"तुझं बी बरूबर हाय," त्या म्हणाल्या.

एवढंच. मी वाट पाहत होते की त्या स्वतःची बाजू मांडतील. खोटा तुकडा रेणुकाने दाखवला होता, हे म्हणायला त्यांना मोकळीक होती. मालकांपुढे नाव घेतलं नाही, हेही म्हणता आलं असतं. परतीच्या एसटीत मीच ते म्हटलं. आक्का खिडकीबाहेरच्या उसाकडे बघत होत्या. "तिनं भेऊन केलं," त्या म्हणाल्या. "म्या समजून-उमजून केलं. पैल्यांदा बी, दुसऱ्यांदा बी."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी काम सोडलं. मालक विनवत होते. आक्कांचं एकच म्हणणं: माझ्या जागेवर रेणुकाला बसवा. सुई कुणाची होती हे मालकांना माहीतच नव्हतं. हात चांगला आहे तिचा, म्हणून त्यांनी बोलावलं. मी आक्कांना बाजूला घेऊन विचारलं, जिने खोटं टोक दाखवलं तिला चेकिंगला?

"आता ती जन्मात चुकायची न्हाई," आक्का म्हणाल्या. "आन् चुकली तर मालकाला सांगायला भिऊ नको म्हनावं. तेवडं मातर तू सांग तिला. माझ्या तोंडून न्हाई ऐकायची."

मी सांगितलं. रेणुकाने ऐकून घेतलं, मान हलवली आणि पुढची टोपी हातात घेतली.

आक्का गावी परतल्या. भावाच्या घरी ओसरीवर एक जुनी मशीन टाकून बायकांची पोलकी शिवायच्या. टोपी शिवायला त्या तयार नसत. मी लग्न होऊन नांदेडला आले, त्यानंतर फोनवर बोलणं व्हायचं. प्रत्येक वेळी त्या युनिटची चौकशी करत. नवं गिऱ्हाईक मिळालं, काही बायका परत आल्या, हे कळलं तेव्हा त्यांनी मला दोनदा खरंच का म्हणून विचारलं. कुणाकुणाला घेतलं, त्यांची नावं सांगायला लावली. नावं संपली की विचारायच्या, "आन् बाकीच्या?" मी परत आलेल्यांचीच नावं पुन्हा सांगू लागे. मग त्याच म्हणायच्या, "बरं, ठेव. बिल चढंल तुझं." फोनला बिल चढायचे दिवस केव्हाच संपले होते.

मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. पोटाचं दुखणं होतं, अंगावर काढलं. मला दहाव्यालाच पोहोचता आलं.

परत येताना लातूरच्या स्टँडवर रेणुका भेटली. बरोबर तिचा मुलगा, शाळेच्या गणवेशात, चांगला उंच झालेला. मी तिला आक्कांचं सांगू लागले तर म्हणाली, "ठावं हाय मला. म्या जाऊन आले होते, त्या जित्या होत्या तवाच."

"बोललात दोघी?"

"न्हाई. डोळे मिटून पडल्या होत्या. म्या पायापाशी बसले, पाय दाबत. त्यांनी इचारलं, कोन हाय? म्या म्हनले, हाय कोनतरी." मुलगा नांदेडच्या गाडीचा बोर्ड वाचायला पुढे गेला होता. "लई येळ बसले, ताई. माफी मागायची का द्यायची, तेच ठरंना. मग तशीच उठून आले."

माझी गाडी लागली. रेणुकाने माझी पिशवी उचलून वर दिली आणि मुलाचा हात धरून मागे सरकली.