ई-क्लासवरची विहीर

नोकरीत बरंच पाहिलं, पण ई-क्लासवरची ती विहीर अजून डोळ्यांसमोरून हटत नाही. ई-क्लास म्हणजे गावची गुरं चारायची सरकारी जमीन. गिरडकडच्या टेकड्यांतलं ते गाव, मी त्या भागाचा ठाणेदार.

सकाळीच एक बाई ठाण्यात आली. नवरा आदल्या दिवशी शेळ्या घेऊन गेला होता. शेळ्या परतल्या, तो नाही. मिसिंग दाखल केली. हरवलेली माणसं बहुतेकदा राग उतरला की घरी येतात, म्हणून विचारलं, "घरी काही भांडण?"

"नाई साहेब. भांडण खदानवाल्याईशी होतं. मॅनेजरशी चारचौघांत झालं."

त्या जमिनीवर गिट्टीची खदान व्हायची होती. परवानगीआधी पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल लागतो, आणि त्यासाठी पाहणीचं पथक त्याच दिवशी येणार होतं. तिथं पायऱ्यांची जुनी विहीर होती. उन्हाळ्यात गावची गुरं तिच्यावरच जगत. वापरातलं पाणी अहवालात आलं, तर परवानगी अडते. ती विहीर पथकाला आपण दाखवणार, असं तिच्या नवऱ्यानं गावभर सांगून ठेवलं होतं.

आम्ही नातेवाईक, बसस्टँड, दवाखाने पालथे घालत होतो. मग बीट जमादाराला निनावी फोन आला. "माणूस गेला त्याच दिवशी विहीर बी गेली. जाऊन पाहा."

गेलो. विहिरीच्या जागी ताजा मुरूम, वरून सपाट केलेला. पथक तोवर पाहून गेलं होतं.

खदानीच्या मॅनेजरनं आमच्यासाठी चहा मागवला. विहीर पडकी होती, धोका नको म्हणून बुजवली, असं म्हणाला. त्या माणसाचं नावही ऐकलं नसल्याचं त्यानं सांगितलं. ज्यानं याच्याशी चारचौघांत भांडण केलं, त्याचं नाव हा कसा विसरेल? तिथंच माझा संशय पक्का झाला.

जेसीबीच्या ड्रायव्हरला ठाण्यात आणलं. हात लावला नाही. मारून घेतलेला कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही आणि खराही नसतो. ती बाई रोजच्यासारखी बाहेर बाकावर बसली होती. ती कोण, हे त्यानं विचारलं. मी सांगितलं. मग तो बोलू लागला.

"तो विहिरीत उतरून पायरीवर बसला, साहेब. म्हणे, आता बुजवून दाखवा. मॅनेजर म्हणाला, एक बकेट मुरूम टाक, तो आपोआप वर येते. मी टाकली. कडा ढासळली."

"काढायला गेलात?"

"मी उतराले निघालो होतो. मॅनेजरनं धरलं. म्हणाला, उद्या पाहणी आहे, भरून टाक."

"आवाज येत होता?"

"मशीन चालू होती. मी बंद नाई केली."

तहसीलदार, पंच आणि डॉक्टरांसमोर मुरूम उपसला. बाईनं त्याला गळ्यातल्या दुपट्ट्यावरून ओळखलं. ती रडली नाही. दुपट्ट्यावरची माती झटकत राहिली. मॅनेजरला अटक केली.

तरीही खदानीच्या प्रस्तावावरची जनसुनावणी ठरल्याप्रमाणे झाली. मी बंदोबस्ताला मंडपात होतो. आधीच तयार झालेला अहवाल वाचण्यात आला: प्रस्तावित क्षेत्रात पाण्याचा स्रोत आढळला नाही. ती बाई उठली.

"तुमी ज्या मुरमावर उभे राहून पाह्यलं, त्याच्याखाली माहा माणूस होता. गावात कोणाले विचारलं काऊन नाई?"

मंचावरून पुढचा मुद्दा पुकारला गेला.

पुढे ड्रायव्हर माफीचा साक्षीदार झाला, मॅनेजरला शिक्षा झाली आणि प्रस्ताव परत गेला. सायकल चोरीला गेली तरी आम्ही पंचनाम्याला गावातले दोन पंच उभे करतो. इथं अख्खी टेकडी फोडायची होती आणि एकाही माणसाला कोणी विचारलं नव्हतं. खून करणाऱ्याला मी पकडू शकलो. न विचारता 'नाही' लिहिणाऱ्याला लावायला मला कलम सापडलं नाही.

निवृत्तीनंतर त्या बाजूनं गेलो, तर खदान सुरू होती. दुसऱ्या कोणी नव्यानं प्रस्ताव दिला होता. या वेळच्या अहवालात विहीर होती, पुढे शेरा होता: वापरात नाही. ते खोटं नव्हतं. तो माणूस बाहेर काढल्यापासून गावानं तिथं गुरं नेलीच नव्हती.