ओल्या सारवणावरची तिवई

कर्जतच्या पेठेमागे येसाजींचे फोटोचे दुकान होते. दुकान कसले, पडवीच ती. खेड्यांतून त्यांना बोलावणे यायचे ते बहुधा मयताला. जितेपणी फोटोचे सुचते कोणाला? माणूस गेले की मग आठवण हवी होते. येसाजींची कॅमेरा ठेवायची लाकडी तिवई छातीइतकी उंच. तिच्यावरून भुईवर घेतलेल्याचा चेहरा धड येईना, म्हणून घरचे मयताला उचलून खांबाशी बसवायचे. कशेळ्याला एका म्हाताऱ्याची मान अशी ऐन वेळी कलंडली, आणि येसाजींनी ठरवले, आता भुईलगतची तिवई घ्यायचीच.

मुंबईच्या दुकानदाराने दोन पुढे ठेवल्या. एक लाकडी, बसकी, रुंद पावलांची, पण जड आणि एकाच उंचीची. दुसरी पितळी. तिचे पाय नळीतून हवे तेवढे ओढावेत, वीतभर म्हणा की कमरेइतके. टोके मात्र अणकुचीदार. दुकानदाराने ती फरशीवर उभी केली आणि वर पाण्याने भरलेला पेला ठेवला. थेंब हलला नाही. येसाजींनी पितळी घेतली.

घरी सोनाबाईंनी तिला हळदकुंकू वाहिले आणि म्हणाल्या, "काय हे काडीसारखे पाय! उभं राहील का हो तुमचं करडू?"

चव्वेचाळीस साली, भाद्रपद वद्य पंचमीला, डोंगराकडच्या वाडीतून हिरामण आला. त्याची चार वर्षांची बायजा तापाने गेली होती. लढाईमुळे फोटो उतरायच्या काचा मिळत नव्हत्या. येसाजींपाशी एकच उरली होती. ती घेऊन ते निघाले.

रीतीप्रमाणे जमीन शेणाने सारवून पोरीला तिच्यावर ठेवले होते. पावसाळी हवेने सारवण अजून ओलेच होते. उशाशी बसलेली तिची आई भागूबाई म्हणाली, "उचलू नको रं दादा तिला. आता उचलायची ती नेतानाच. नुसतं तोंड येऊ दे. कापड, फुलं काय नको."

येसाजींनी तिवई वीतभर केली आणि कॅमेरा चेहऱ्याजवळ नेला. दारातून उजेड थोडाच येत होता, म्हणून भिंगाचे झाकण सात वेळा रामनाम होईतो उघडे ठेवायचे होते. पाचव्या रामाला पुढचा पाय सारवणात जवभर रुतला. येसाजींना ते दिसले. दुसरी काच नव्हती, आणि अंगणात माणसे खोळंबली होती.

"आली ना रं माजी बाय?"

"आली," ते म्हणाले.

फोटो धुतला तर चेहरा पुसटलेला, एकेका डोळ्याचे दोन दोन झालेले. तो न्यायची त्यांची छाती होईना. शेवटी सर्वपित्री झाल्यावर नवराबायकोच दारात आली. सोनाबाईंनी पाणी दिले. येसाजींनी मान खाली घालून फोटो दिला. भागूबाईने तो उजेडाकडे धरून कितीतरी वेळ पाहिला.

"ही हालली," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "म्या सांगत व्हते, थोडं थांबा. जित्ती व्हती माजी बाय. तुमी माती लोटली."

येसाजींनी घाईघाईने सगळे सांगितले, पण फोटोत नुसता चेहरा. जमीन, फूल, काहीच नाही, की बघा हेही हललेले आहे म्हणून दाखवावे. मग सोनाबाईंनी अंगणात शेणाचा हात फिरवला, येसाजींनी त्यावर तिवई मांडून कॅमेरा चढवला. सगळ्यांच्या देखत पाय रुतला. हिरामणला पटले. भागूबाईने तिवईकडे एकदाच पाहिले.

"मग तवा आली का म्हनलास?"

फोटो पदरात बांधून ती निघून गेली.

येसाजींनी तिवईच्या पायांखाली लाकडी चकत्या बसवून घेतल्या. पुढे कोणाच्या घरी काच बिघडली तर ते तिथल्या तिथे सांगत, लोकांच्या शिव्या खात. बाजारच्या दिवशी हिरामण भेटला तर येसाजी भागूबाईची खुशाली विचारत, आणि तो दर वेळी एकच सांगे. ती रोज दिवेलागणीला पोरीला पुरले तिथे जाते आणि भुईला कान लावून बसते.