पुसलेला नंबर

भालकीच्या ज्या कचेरीत मी लग्नं नोंदवतो, तिथं अक्का नेहमी येतात. घरच्यांना झुगारून जातीबाहेर लग्न करणाऱ्यांना त्यांची संस्था आधार देते. हार त्याच आणतात, मुलीकडून साक्षीदार म्हणून सहीही त्याच करतात. मग मुलीची ओटी भरतात, "फोन करू नको गं," असं बजावतात आणि तिच्यासमोरच तिचा नंबर फोनमधून पुसतात.

माणसं जोडून लगेच तोडायची, हे मला पटायचं नाही. एकदा विचारलंच, "कामून पुसायलाव, अक्का?"

"पोरीचे बाप-भाऊ माझ्याच दारात येतेत, सर. फोन हिसकून घेतला तर? नंबर नसलेलाच बरा."

परवा कचेरीबाहेर आम्ही चहा घेत होतो, तेवढ्यात अक्कांचा फोन वाजला. पलीकडून कुणी बोललंच नाही. तान्ह्या बाळाचं रडणं मात्र मलाही ऐकू आलं. अक्का डोळे मिटून ऐकत राहिल्या.

"पाज गं त्याला आधी," एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला.

नंबर पुसायला त्यांना त्या दिवशी फार वेळ लागला.