मामांची पातळ मंडळी

पाण्याची बाजू घेऊन बायकोशी भांडणारा माणूस साऱ्या महाड-पोलादपुरात एकच होऊन गेला, आणि ते माझे मामा. हातून कळशी कलंडली की मामी त्या पाण्यावरच डाफरे. मामा म्हणत, "त्याला कशाला बोलतेस? त्याला उतार दिसला, ते गेलं." महाडच्या शाळेत ते शास्त्र शिकवत, पण घन आणि वायू जेमतेम उरकून एकदा द्रवांवर आले की वर्ष संपेपर्यंत तिथेच मुक्काम. द्रवांना ते 'पातळ मंडळी' म्हणत. घन पदार्थ हेकट, वायू उडाणटप्पू, दार उघडे दिसले की पसार. पातळ मंडळी तेवढी संसारी, मिळेल त्या भांड्यात राहतात पण आपले माप सोडत नाहीत, असे त्यांचे मत. नाते गावच्या एका लग्नात कढी वाढणाऱ्याला थांबवून ते हे समजावत बसले, आणि सबंध पंगत कोरड्या भाताकडे बघत राहिली.

"मग मी कोन?" मामीने एकदा विचारले. ती तुडील गावची, बोलणे रोखठोक.

"तू घन."

"घन हाय म्हणून तुमचं घर उभं हाय!"

सुट्टीत आम्ही भाचरे जमलो की मामा पाट तिरका लावून पाणी, खोबरेल, काकवी आणि आंबेनळीच्या रानातला मध यांच्या शर्यती लावत. पाणी दर वेळी जिंकायचे आणि मामा दर वेळी मधाची पाठ थोपटायचे. एका हिवाळ्यात पोलादपूरला नेताना खोबरेल वाटेत थिजले, तर त्यांनी बाटली उपरण्यात गुंडाळून छातीशी धरली. यजमानीणबाईंना वाटले, पाहुण्यांनी तान्हे मूल आणले. त्या दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या.

मग मामीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग गेले, वाचा गेली, आणि पाण्याचा घोट दिला की ठसका लागून जीव घुसमटे. वैद्यबुवांनी मामांना ओटीवर नेऊन हळूच सांगितले, पाणीच उतरत नाही तिथे औषध कसे उतरणार? मामा उठून चुलीपाशी गेले. "पाणी फार उतावळं आहे रे," मला म्हणाले. "तिचा घसा आता सावकाश चालतो. तिला सावकाश चालणारंच काहीतरी हवं." नाचणीची पेज ते ढवळत राहिले, पळीवरून ओघळताना पुन्हापुन्हा पाहत राहिले. मनासारखी दाट झाल्यावर त्यांनी मामीला टेकून बसवले आणि चमचा तिच्या ओठांना लावला. घोट उतरला. ठसका आला नाही.

त्या पेजेवर मामी जगली. शाळा सुटली की मामा धोतर सावरत घरी धावत. थंडी सरत आली तेव्हा एका सकाळी मामीने घोट गिळला, तोंड वाकडे केले आणि इतक्या दिवसांनी तिचे ओठ हलले.

"मीठ... नाय."

बिचारी इतके दिवस अळणी पेज गिळत होती! मामा स्वयंपाकघरात पळाले आणि तिथेच भिंतीला डोके टेकून ढसाढसा रडले. डोळे पुसून बाहेर आले ते मूठभर मीठ घेऊन. मामीने त्या मुठीकडे पाहिले.

"चिमूट," ती म्हणाली.

पुढे कितीतरी वर्षे ती अडखळत का होईना बोलत राहिली, बहुतेक मामांना रागवायलाच. आता दोघेही नाहीत. बायकोचे रागावणे इतक्या आनंदाने ऐकत बसणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.