गोळेवाल्याचा डावा हात

शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके पालथे घातले तरी आमच्या धाकट्या भावजींइतका चुकीचा माणूस सापडायचा नाही. इतक्या ठामपणे आणि इतकी वर्षं चुकत राहायला अंगात ताकद लागते. ती त्यांच्यात आहे. ते माझे दीर, वय सहासष्ट. मी लग्न होऊन मुरबाडकडून या घरात आले तेव्हा ते आठ वर्षांचे होते आणि अंगणात कोंबड्याशी वाद घालत होते. कोंबडा थकून निघून गेला. तेव्हापासून आजपर्यंत त्यांच्यापुढे टिकलेली मी एकटीच. किन्हवलीची एसटी उशिरा आली तर ते काही बोलत नाहीत, वेळेवर आली तर ड्रायव्हरला विचारतात, "आज काय बिघडलं?" डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटलं तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमी भात कापलाय कदी?" डॉक्टर नाही म्हणाले. "मग ऱ्हाऊ द्या," म्हणाले आणि उठले. हा त्यांचा शेवटचा सवाल असतो. त्यांनी तो तलाठ्याला विचारलेला आहे, मत मागायला आलेल्यांना विचारलेला आहे, आणि एकदा लग्न लावायला आलेल्या भटजींनाही विचारलेला आहे.

पण त्यांचा खरा प्रांत म्हणजे पिक्चर, त्यातही उडणाऱ्या माणसांचे. असा पिक्चर कुठेही लागो, भावजी पाहणार आणि पाहून आले की आठवडाभर त्याची साल काढणार. त्यांची मापं वेगळी. परदेशी शहरात एकेका मारामारीत पन्नास माड्या कोसळतात, तर भावजी विचारतात, "येवढं पडलं, पंचनामा कोनी केला? पंचनाम्याबिगर लोक दुसऱ्या दिवशी कामाला गेले कशे?" हिरो दोन तासांत एक घास खात नाही, यालाही त्यांची हरकत आहे. "उपाशी मानूस हाय तो. म्हनून येवढा मारामाऱ्या करतो. भाकरी द्या, गप ऱ्हाईल." पाठीला चादर बांधलेला हिरो तर त्यांना बिलकूल चालत नाही, चादर बांधून खाचरात उतरून दाखव म्हणतात. हे सगळं ऐकायला स्टॉपवरच्या हॉटेलात पोरं जमतात. कॉलेजला जाणारी, कंपनीत जाणारी पोरं आपले चहा थंड करून या म्हाताऱ्याशी भांडतात. मला आधी वाटायचं, पोरं टिंगल करतात. नंतर कळलं की भावजी एखाद्या दिवशी गेले नाहीत तर घरी निरोप येतो.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. भावजी डावखुरे आहेत. बाजारातल्या विळ्याचे दाते उजव्या हाताच्या बेताने पाडलेले असतात, म्हणून त्यांनी शेणवे गावच्या लोहाराकडून उलट्या दात्यांचा विळा करून घेतला. तीस वर्षांत तो कोणी उसना मागितलेला नाही, चोरलेलाही नाही. कापणीला आम्ही ओळीने उभे राहिलो की भावजी कडेला, नाहीतर त्यांचा विळा शेजारच्याच्या विळ्यावर आपटतो. त्यांची ओळ मात्र सगळ्यांत साफ असते, एक काडी मागे राहत नाही, हे मलाही कबूल करावं लागतं. जेवतात ते उजव्या हाताने. ते माझं काम. सासूबाईंनी सांगितलं, मी केलं. नव्या नवरीने विचारायचं नसतं. दोन वेळच्या जेवणाला त्यांचा डावा हात फडक्याने पाठीशी बांधायचा, आणि गाठ मी मारायची. आठ महिने लागले. ते रडले नाहीत. फक्त त्या आठ महिन्यांत ते कोणाशी वाद घालायचे नाहीत, कोंबड्याशीसुद्धा.

तर दोन वर्षांमागे माघात गावच्या पूजेला पोरांनी शाळेच्या पटांगणात दोन बांबूंना पांढरं कापड ताणून एक पिक्चर लावला. परदेशी होता, बोलत हिंदी होते. आकाशातून पडलेला एक चमकता गोळा एका अनाथ माणसाला सापडतो, तो गोळा तो दुष्टांवर फेकतो, आणि गोळा दुष्टांना लागून पुन्हा त्याच्या हातात येतो. त्या हिरोचं नाव कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून गावात तो गोळेवाला झाला. मी बायकांबरोबर पुढे बसले होते. भावजी गुरं बांधून आले तोवर पुढची जागा भरली होती, म्हणून ते कापडाच्या पलीकडे बांधावर जाऊन बसले. कापड पातळ, पलीकडूनही सगळं दिसतं. शिवाय तिथे वारा लागतो आणि पोरांची कलकल नसते, असं त्यांचं म्हणणं.

पिक्चर संपल्यावर ते माझ्याकडे जवळजवळ धावतच आले. एवढे खूश मी त्यांना मुलाच्या लग्नातही पाहिले नव्हते. "वैनी, पायलास? डावखुरा हाय तो! दर टायमाला डाव्या हातानी टाकला!"

मी पुढे बसले होते. गोळा उजव्या हाताने टाकला होता. भावजी कापडाच्या मागे बसले होते. एवढं गणित चौथीपर्यंतही शिकवतात. पिक्चरचं नाव त्यांना मागून उलटं दिसलं असणारच, पण इंग्रजी अक्षरं उलटी की सुलटी हे आमच्यात कोण ओळखणार? मी तोंडावर बोलणारी बाई आहे. सुनेला, जावयाला, सरपंचाला बोलले आहे. त्या दिवशी म्हणाले, "पायला बाबा, चला घरी." आणि पुढे चालायला लागले.

गोळेवाला डावखुरा ठरल्याचा फायदा झाला तो भावजींच्या नातीला. स्वरा त्या वेळी सहा वर्षांची. तीही डावखुरी. तिची आई मनीषा, म्हणजे भावजींची सून, तिच्या डाव्या हातातली पेन्सिल काढायची आणि उजव्या हातात द्यायची, दिवसातून वीस वेळा. शाळेतल्या बाई काही म्हणत नव्हत्या. भीती मनीषालाच होती. ती मला म्हणायची, "मोठ्या आई, उद्या सासरी डाव्या हातानी वाढायला लागली तर ताटावरनं लोक उठतील." तेव्हा भावजींनी गोळेवाल्याला पुढे केलं. जो जग वाचवतो तो डावखुरा, मग पोरीने पेन्सिल धरली तर काय बिघडलं? मनीषा त्या दिवशी माहेरी होती, तिने पिक्चर पाहिला नव्हता. एवढा मोठा हिरो आहे तर असू दे, म्हणाली. स्वराने वर्गात सगळ्यांना सांगितलं. जवळजवळ दोन वर्षं तिने डाव्या हाताने लिहिलं, आणि अक्षर घरातल्या नातवंडांत सगळ्यांत सुबक.

मग गेल्या दिवाळीत गोळेवाल्याचा दुसरा भाग आला. माझा नातू पंकज कल्याणला कंपनीत आहे, त्याने हौसेने भावजींना, मनीषाला आणि स्वराला कल्याणला नेऊन मोठ्या थेटरात दाखवला. माझे गुडघे म्हणाले नको, म्हणून मी राहिले. संध्याकाळी सगळे परत आले. पंकज उड्या मारत होता. भावजी हात-पाय धुऊन न बोलता जेवले. मला वाटलं ताप आला.

दोन दिवसांनी गुडघे दाखवायला जायचं म्हणून शहापूरच्या एसटीची वाट बघत मी हॉटेलात बसले होते, तेव्हा तोच विषय चालला होता.

"पयल्यात स्टोरी होती," एक पोरगा म्हणाला. "ह्याच्यात नुसती तोडफोड. इंटरवलपर्यंत मी दोनदा झोपलो."

"अरे पन व्हिलन बघ ना!" पंकज म्हणाला. "पयल्यातला उगाच हसायचा. ह्याचं गाव धरनात गेलंय. कारन हाय त्याच्याकडं."

गाव धरणात गेलं म्हटल्यावर सगळं हॉटेल व्हिलनच्या बाजूला झालं. आमच्या तालुक्यात दुसरं काय होणार? हॉटेलवाला भजी तळता तळता म्हणाला, "माज्या मामाचं पन गाव गेलं धरनात. त्यानी कुटं शहर जाळलं?"

"त्याच्याकडं उडायचं मशीन नव्हतं."

"नव्हतं, ते खरं. नायतर मामा सोडनारा नव्हता."

"आनि ती हिरवीन? नुसती पळते न् किंचाळते. पगार कशाचा घेतला तिनी?"

मग पंकज भावजींकडे वळला. "आजा, तुमी का गप? पंचनामा करा की."

भावजींनी कप खाली ठेवला. "पिक्चर खोटा हाय. त्याचा हात बदलला."

"कोनाचा?"

"गोळेवाल्याचा. पयल्यात डावखुरा होता. ह्याच्यात उजव्यानी टाकतो."

पोरं हसली. आजा, तो पहिल्यापासून उजवाच आहे, म्हणाली. भावजी हसले नाहीत. "मी माज्या डोळ्यांनी पायलाय. दोन भागांच्या मदी कोनीतरी त्याला मारला असंल. नायतर हात बांधला असंल. असा आपोआप नाय बदलत कोन." मग नेहमीचा सवालही त्यांनी विचारला नाही. उठले आणि गेले. मी माझी एसटी सोडली. गुडघ्यांचं नंतर बघू म्हटलं.

घरी आले तर ओटीवर स्वरा अभ्यासाला बसलेली. डावा हात ओढणीने कमरेशी बांधलेला, उजव्या हाताने वहीत काहीतरी ओढत होती. अक्षर कसलं, पावसात गांडुळं निघावीत तसं. मनीषा तांदूळ निवडत होती. मला बघून म्हणाली, "हिरो सुदारला मोठ्या आई, आता ही पन सुदारंल. पंदरा दिवसांची सवय, मग सोडीन." मनीषा वाईट नाही. मीही नव्हते.

तेवढ्यात पंकज मोबाइल घेऊन अंगणात आला, मागे हॉटेलातली दोन पोरं. पहिला भाग मिळाला होता त्यांना, आजाला आत्ताच्या आत्ता दाखवायचा होता. भावजी पडवीत बसले होते. त्यांच्यासमोर मोबाइल धरणार, पोरं फिदीफिदी करणार, आणि हा माणूस पुन्हा आठ महिने गप्प बसणार, हे मला दिसलं. मी म्हणाले, "पंकज, ते ठेव खिशात. भावजी, ऐका. तो उजवाच हाय. पयल्यापासून. तुमी पडद्याच्या मागं बसला होता."

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग हात उलटा करून पाहिला. हिशेब जुळायला वेळ लागला.

"तुला तवाच म्हाईत होतं?"

"होतं."

"मग बोलली का नाय? तू तर सगळ्यांना बोलतेस."

"तुमचा हात मीच बांदत होते, म्हनून."

पंकजने मोबाइल खिशात घातला. मी ओटीवर गेले आणि स्वराची गाठ सोडायला बसले. मनीषाने गाठ घट्ट मारली होती, पण मला गाठींची माहिती आहे. मनीषा म्हणाली, "मोठ्या आई, मग सासरी?"

"सासरी कोन उठलं ताटावरनं, तर त्याला इचार, भात कापलाय कदी?" मी म्हणाले. "उजव्या हिरोवर पोरीचा हात नको ठरवूस. हितं डावखुरा बसलाय घरात. त्याची ओळ बघ कापनीला."

पडवीतून भावजींचा आवाज आला, "माजा सवाल हाय तो." वाद सुरू झाला, म्हणजे माणूस बरा होता.

मनीषाला लगेच पटलं असं नाही. पण ओढणी तिने घडी करून आत ठेवली, पुन्हा काढली नाही. भावजींनी लोहाराकडे एक लहान विळाही सांगून ठेवला आहे, उलट्या दात्यांचा.

यंदा माघातल्या पूजेला पोरांनी दुसरा भाग लावला, त्याच पटांगणात, त्याच कापडावर. भावजी या वेळी लवकर आले होते, पुढे जागाही होती. तरी ते स्वराला घेऊन सरळ पलीकडे बांधावर गेले. मी थोडा वेळ पुढे बसले. मग उठले आणि काठी टेकत मागे गेले. ते सरकले, मी बसले. पडद्यावर धरणवाला व्हिलन शहर पाडत होता. तेवढ्यात गोळेवाला आला आणि त्याने डाव्या हाताने गोळा टाकला. खरंच डाव्या. स्वराने आजाला कोपर मारलं.

"मागनं बरा हाय पिक्चर," भावजी म्हणाले. "फक्त पंचनामा नाय."

इंटरवलला मनीषा आम्हाला शोधत आली, हातात शेंगदाण्यांची पुडी. बस म्हटलं तर बसली, पण अर्धीच, उठून जायच्या बेतात. स्वरा डाव्या हाताने शेंगदाणे काढून आईला देत होती. पहिल्यांदा मनीषा थांबली, मग तिने घेतले. पिक्चर लांब आहे, ते पोरं म्हणत होती ते खरं आहे. बांधावरचे दगड टोचत होते, वारा कानात जात होता, आणि पुढे सतरंजी होती. मी उठले नाही.